चौऱ्याहत्तर मिनिटं

एका तबकडीत चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात.
नगरपालिकेच्या पत्रात मात्र होतं
'मडगावचं सगळं संगीत'.
सगळं. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

स्कूटरला यंत्र बांधून हिंडलो.
आक्याची पिएदाद, ऐंशीच्या पुढची,
मांडो म्हणण्याआधी तोंडाला पावडर लावून आली.
माइकला दिसत नाही, आजी, म्हटलं.
म्हणाली, मांड्याला दिसतं.
भाचा व्हायोलिनवर. खालची तार तुटून वर्षं झालेली,
ती चुकवून जायचं वळणच पडलंय त्याच्या बोटांना,
आता नवी तार लावली तर गाणं अडखळेल.

कोंबला गजा लोटलीकरकडे घुमटं दोन.
एक ओसरीवर, बकरीच्या कातड्याचं, कायद्यातलं.
दुसरं माळ्यावर, लुगड्यात गुंडाळलेलं.
त्याचं कातडं कुणाचं ते मी विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही,
दार लावून घेतलं आणि एकच थाप मारली.
विहिरीच्या तळातून कुणीतरी हुंकार द्यावा तशी.
शेजारचं कुत्रं उठून उभं राहिलं.
ती थाप तबकडीत आहे.
कितव्या मिनिटाला, ते सांगणार नाही.

माळभाटात दस्तगीर दिवसभर खिडक्यांचे गज जोडतो,
गुरुवारी रात्री कव्वालीला बसतो.
त्याच्या उर्दूत मधेच एक 'आरे पात्रांव' येतो
आणि टाळी अर्धी मात्रा थांबते, हसून घेते.

मोती डोंगरावर यल्लव्वानं कन्नडात पाळणा म्हटला.
समितीतले एक गृहस्थ म्हणाले, हे आपलं नव्हे.
मी पुन्हा लावला.
पाळण्यामागे तिची नातवंडं भांडत होती
एका पतंगावरून, स्वच्छ साष्टीच्या कोंकणीत.
गृहस्थ चहा प्यायले. पाळणा राहिला.

मग वेष्टनावरून दोन बैठका.
रोमीत छापायचं की देवनागरीत?
खजिनदार म्हणाले, दोन्हींत छापलं तर शाई दुप्पट.
मी आतली टिपणं मराठीत लिहून नेली होती,
तेव्हा कुठे दोन्ही बाजूंचं पहिल्यांदा एकमत झालं:
माझ्यावर रागवायचं.
काय सांगू त्यांना?
आईला हाक मारली कोंकणीत,
तिला पत्रं लिहिली मराठीत,
आणि तिनं उत्तरं दिली ती दोन्हींच्या मधल्या
कुठल्याशा बोळातून, शुद्धलेखनाशिवाय.

फातोर्ड्याला, जिथं आता गाड्या लावतात
त्याच्या मागे थोडी माती उरली आहे.
तिथं शेवंती गावडे धालोंचा मांड सारवत होती.
म्हटलं, दोनच ओळी.
ती हात न थांबवता म्हणाली,
मांडावर पाय नसताना म्हटलं तर ते गाणं नव्हे, गलबला.
पुसांत यो. मशीन घरा दवर.

सारवण्याचा आवाज घेऊ का, विचारलं.
मान हलवली तिनं, हो की नाही कळलं नाही,
म्हणून पुन्हा विचारलं. हसली. हो.
तेवढंच घेतलं:
ओला तळवा मातीवरून फिरतो, बांगड्या मागे सरतात,
दूर एक कंडक्टर वास्कोला जाणारी माणसं गोळा करतो.
दोन मिनिटं, अकरा सेकंद.

एका दुकानदारानं तबकडी परत आणली.
शेवटी गाणं नाही म्हणाला, नुसतं खरखरतंय.
बदलून दिली. तीही तशीच होती.

पौषात गेलो. यंत्र घरी ठेवलं.
चप्पल मांडाबाहेर काढली, बायकांपासून लांब बसलो.
काय ऐकलं ते इथं लिहीत नाही.

पिएदादला एक प्रत नेऊन दिली होती.
परवा गेलो तर खिडकीच्या खिळ्याला टांगलेली,
भोकातून दोरा ओवून, चकचकीत बाजू पुढे.
घरात वाजवायला काही नाही, म्हणाली,
पण उजेड चांगला पडतो हिच्यातून.
आणि त्यात बघत
एका गालाची पावडर बोटानं सारखी केली.