बोटीची नोंदवही

चिलोएच्या बेटांमधून रोज सकाळी सात वाजता
मी शाळेची बोट नेतो. नऊ मुलं, नऊ लाइफ जॅकेटं
आणि एक वही: भरती किती, वारा कुठला,
डिझेल किती उरलं.

एलिसेओ, तू इंजिनाशेजारी येऊन बसायला लागलास
तेव्हा वाटलं, गारठत असेल पोर.
इंजिनापाशी कुणाचं काही ऐकू येत नाही,
म्हणून बसायचास, हे कळायला मला
बटाटे काढल्यापासून
पुन्हा बटाटे लावेपर्यंतचा वेळ लागला.

मग तो मंगळवार. तुझा डबा पाण्यात.
आईने थापलेली बटाट्याची भाकरी
लाटेवर थोडा वेळ तरंगली, समुद्रपक्षी आले,
मागच्या बाकावर सगळे हसले.
तूही हसलास.
ते तुझं हसणं मला बघवलं नाही.

सांगू शकलो असतो:
दुर्लक्ष कर, घट्ट हो, दोन ठेवून दे.
मोठी माणसं हे सांगतात
कारण सांगायला अर्धं मिनिट लागतं.

मी इंजिन बंद केलं. दोन बेटांच्या मधोमध.
बोट नुसती हलत राहिली. कुणी बोलेना.
म्हटलं, पोरांनो, ओनोफ्रे नावाचा एक मुलगा होता.
या बोटीच्या आधीची बोट, वल्ह्यांची.
अडखळत बोलायचा. आम्ही तिघे
त्याचं नावही अडखळत घ्यायचो.
एकदा त्याचा बूट पाण्यात गेला.
फेकणारा हात हा.
सुकाणूवरचा हात मी वर केला.
बाउतिस्ता खाली बघू लागला.

“मग?” सगळ्यात धाकटी रायेन म्हणाली.
मग तो एका बुटाने घरी गेला
आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही.
दक्षिणेला मेंढ्या राखायला गेला म्हणतात.
“तुम्ही सॉरी म्हणालात?”
पत्ता नाही गं त्याचा.
त्रेचाळीस वर्षं झाली.

इंजिन सुरू व्हायला त्या दिवशी तीन झटके लागले.

धक्क्यावर उतरून आपण दोघे बाईंकडे गेलो.
तू दाराशी, मी आत, टोपी हातात.
मग तू आत, मी दाराशी.
काय बोललास, मी ऐकलं नाही. ते तुझं.

वहीत लिहिलं:
ओहोटी. वारा वायव्येचा. टाकी अर्धी.
एलिसेओचा डबा पाण्यात टाकला. मी पाहिलं.
खाली सही.

सगळं लगेच थांबलं नाही. गुरुवारी पुन्हा झालं,
तेही लिहिलं. बाउतिस्ताच्या घरीही जाऊन आलो,
तिथे जे पाहिलं ते या वहीत मावत नाही.

आज तू तिसऱ्या बाकावर बसलास. रायेनने
दप्तर उचलून मांडीवर घेतलं, इतकंच.
उतरताना वही मागितलीस,
ओळीवर बोट ठेवून वाचलीस
आणि इंजिनाच्या वरची पट्टी लावून म्हणालास,
“माझं नाव चुकलंय. एक अक्षर कमी आहे.”

घे, म्हटलं, पेन्सिल.
तू लिही.