ऐतिहासिक महत्त्व, तीन ओळींत

खात्यातून आलेली साबेला
पुलाचे दगड मोजते आहे, खडूनं आकडे घालते आहे.
फॉर्मवर शेवटचा रकाना: ऐतिहासिक महत्त्व.
जागा तीन ओळींची.

लिही बाई:
तेरावं शतक. एकच कमान, मांजरानं पाठ फुगवावी तशी.
कमानीच्या पोटात पाथरवटांच्या खुणा,
बाण, कोयता, अर्धवट मासा.
ज्याचे जितके दगड, त्याला तितकी मजुरी.
मठाची खेचरं मीठ वाहायची,
त्यांच्या नालांनी दगडांना वाट्या पडल्या;
पाऊस थांबला की चिमण्या त्यात पितात.
झाल्या तुझ्या तीन ओळी, वर थोड्या जास्तच.

आता कागद बाजूला ठेव.

सत्तेचाळीसचा नोव्हेंबर. माझी आई ओब्दुलिया
इथं उभी होती, सातव्या महिन्यात,
आधीची तीन दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलेली.
आमच्या गालिसियात तेव्हा रीत होती:
जिचं मूल जगत नाही तिनं मध्यरात्री पुलावर थांबायचं.
दोन्ही टोकांना घरचे पुरुष, हातात काठ्या,
कुत्रं-मांजर आधी ओलांडता कामा नये.
पहिला जो माणूस येईल
त्यानं नदीचं पाणी पोटावर शिंपडायचं. तो धर्मबाप.
नाही म्हणायची सोय नाही.

आला तो शिपाई. खांद्याला बंदूक,
आठ दिवस माझ्या मामासाठी डोंगर पिंजून काढणारा.
आणि मामा?
कमानीखाली, कमरेइतक्या पाण्यात, श्वास दाबून.
कोणी काही बोललं नाही.
आईनं फक्त शाल बाजूला केली.

शिपाई खाली उतरला. भांडं नव्हतं.
चकाकत्या कातड्याची सरकारी टोपी
त्यानं उलटी करून बुडवली.
त्याच्या नि मामाच्या मध्ये चार हात अंधार.
त्यानं पाहिलं का?
आई मरेपर्यंत म्हणाली, नाही.
मामा म्हणायचा, टोपी त्यानं दोनदा भरली,
पहिली सांडली.

त्याचं नाव सिल्वेरिओ. म्हणून माझं.
घरात त्या नावानं मला कुणी मोठ्यानं हाक मारली नाही.

साबेला पेन थांबवते. पुरावा?
मीच की, म्हणतो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा.
ती मान हलवते, समासात दाटीवाटीनं लिहिते:
स्थानिक आख्यायिका.

बरं.
आख्यायिकेचे गुडघे दुखतात.
आख्यायिकेला अजून पलीकडून दोन गाई आणायच्यात
आणि पुलावर वाहनांना बंदी आहे.