हँगर तीन

पारामारिबोतल्या या छोट्या धावपट्टीचं नाव
डच भाषेत 'काळजी आणि आशा'.
काळजी माझ्याकडे, आशा मालकाकडे,
अशी आमची वाटणी आहे गेली वीस वर्षं.

आज मालक, केन्समिल साहेब, म्हणतात,
"पुसून घे ना. एवढासा तर पारा."

एवढासा. जुरांदिरने आणला होता मुरंब्याच्या बरणीत,
जंगलातल्या खाणीवर सोनं धरायला.
बरणी मांडीत, झाकणाचे आटे नीट न बसलेले,
आणि विमान ढगात एकदा दचकलं.
ओंजळीने गोळा केला, म्हणाला.
पारा, आणि ओंजळीने!
देलानो, माझा शिकाऊ, इथे हसला.

ते मार्चमध्ये. वहीत कुणी लिहिलं नाही.
आता ऑगस्ट. मी तळाच्या फळ्या उचकटल्या
तर खुर्चीच्या रुळाला दाढी फुटलेली,
पांढरी, भुरभुरीत,
म्हाताऱ्याच्या कानातल्या केसांसारखी.
फुंकर घातली, उडाली.
खाली थेंब तसाच. टपोरा. निर्लज्ज.
इतकं खाऊनही अंगाला काही लागलेलं नाही.

"पण ॲल्युमिनियम गंजत नाही ना, बाई?"
नाही गंजत. त्याच्यावर एक साय असते,
डोळ्यांना न दिसणारी, तेच त्याचं चिलखत.
कुणाच्या तरी बुटाच्या टाचेने ओरखडा काढला
आणि थेंबाला तेवढं दार पुरलं.
धातू आतून सलग नसतो, पोरा.
दाण्याला दाणा बिलगून असतो.
पारा दाणा फोडत नाही.
तो दोघांच्या मधे जाऊन बसतो
आणि मग ते एकमेकांना ओळखेनासे होतात.
वरून ताण तेवढा हवा:
खुर्चीत माणूस, आवळलेला पट्टा,
चाकं जमिनीला लागतानाचा तो धक्का.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला, म्हणतात.
इथे गुणही लागत नाही.
पारा पाराच राहतो.
रूळ रूळ राहत नाही.

स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं मी,
दाबलंसुद्धा नाही,
आणि रूळ तुटला
कासावाच्या वाळक्या भाकरीसारखा. आवाजही तोच.
साहेबांनी टोपी काढली. परत घातली.

माझा बाप परानामच्या भट्टीवर होता.
त्याच्या सदऱ्याची लाल माती
आईच्या तीन धुण्यांत निघायची नाही.
तो सांगायचा, या मातीतून धातू सोडवायला
अख्खी नदी अडवावी लागली.
त्याच्या आईचं गाव त्या पाण्याखाली आहे,
चिंचेच्या झाडासकट.
आणि पुन्हा माती व्हायला?
चमचाभर.
हे साहेबांना सांगितलं नाही.
त्यांना कर्जाचा हप्ता आहे, आणि तोही खराच आहे.

मी शिक्का मारला: उड्डाणास अयोग्य.
शाई जरा फिकट उमटली, म्हणून दुसऱ्यांदा मारला.

हात धुताना देलानो म्हणाला,
"बाई, तुमची अंगठी."
मी रोज काढते, खिळ्याला अडकवते.
आज उशीर झाला होता, आज घाई होती,
आज काहीतरी होतं.
आईची अंगठी, एका बाजूने पांढरीफटक,
जणू तिला कुणीतरी वाईट बातमी सांगितली.
सोनं पाऱ्याला नाही म्हणत नाही.
जुरांदिरचं पोट त्याच्यावरच तर चालतं.

देलानोने वही उघडली.
तारीख, विमानाचा क्रमांक, रूळ, डावी खुर्ची.
अंगठीसाठी रकाना नव्हता.
अंगठी मी काड्यापेटीत ठेवली, काड्या काढून.

बाहेर सकाळच्या दुसऱ्या फेरीचं वजन चाललंय.
काट्यावर माणसं, मांडीला लावलेल्या पिशव्या.
जा रे, म्हटलं, एकेकाला विचारून ये
बरणीत काय आहे.
आणि हे बघ,
झाकण उघडून दाखवा म्हणू नकोस.