लोकरीचे बोळे

पेटी पासष्ट हजार पेसोंना पडली, निबाल्दो,
ऐंशीवरून घासाघीस करून.
विकणारे म्हातारे बाकेदानो पूर्वी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे,
आता हात थरथरतात.
दोन भोकं, तीन बटणं, एक लाल दिवा.
"लाल लागला की समज, आवाज फाटला,"
एवढंच शिकवलं त्यांनी, आणि वर एक केबल दिली,
गळ्याशी चिकटपट्टी गुंडाळलेली.

स्टँडला पैसे उरले नाहीत.
रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून झाडूचा दांडा उभा केला,
त्यावर माइक, तुझ्या जुन्या मोज्यात.
भोकासमोर धरला तर गिटार
पिंपात तोंड घालून बोलल्यासारखी.
सरकवत सरकवत बाराव्या पडद्याशी आणला,
वीतभर लांब, जरासा तिरका.
तिथं ती माणसात आली.
यात पाच रात्री गेल्या. रात्री म्हणजे
खेकड्यांच्या कारखान्यातून सुटल्यावर,
बोटांच्या चिरांत मीठ, आणि तारा झोंबायच्या.

मग वारा.
पुंता अरेनासचा वारा तुला काय सांगायचा.
पत्र्यातून, दाराखालून, कुलपाच्या भोकातून
प्रत्येक टेकला हजर,
न बोलावता आलेला आणि
जेवून झालं तरी न उठणारा.
फ्रिजचा प्लग काढला. घड्याळ सुलेमाबाईंकडे ठेवलं.
वाऱ्याला कुठे ठेवणार?

भिंतींना कान असतात म्हणतात.
मी त्यांत लोकरीचे बोळे घातले.
मान्सियांच्या मेंढवाड्यातून सहा पोती आणली,
न धुतलेली, चरबीच्या वासाची, काटे-लेंड्यांसकट,
आणि आईचं कपाट तिन्ही बाजूंनी ठासून भरलं.
आत स्टूल, स्टुलावर मी, गुडघे दाराला,
गिटारची मान वाकडी केल्याशिवाय दार लागेना.
लागलं तेव्हा
शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं.
मीच होते.

एकविसाव्या टेकला आपला तो वाल्स उतरला,
तिसऱ्या भागात अडखळतो तो.
लाल दिवा एकदाही लागला नाही.
तुला पाठवला, कालामाला, खाणीच्या खोलीवर,
जिथं चौदा दिवस तू धूळ ऐकतोस.
तिसऱ्या दिवशी उत्तर:
"छान. स्वच्छ. पण मिर्ना,
तू घर बदललंस का?"

इतका राग आला की भांडी घासत बसले,
घासलेलीच.

शनिवारी कपाट उघडं टाकलं,
खिडकीची खिट्टी काढली,
झाडू फरफटत स्वयंपाकघरात आणला,
लाल दिव्याला म्हटलं, लाग बाबा, किती लागायचंय ते.

आणि वारा पडला.

असा पडला की लोक बाहेर येऊन बघू लागले.
सुलेमाबाईंच्या चादरी दोरीवर सरळ लोंबत होत्या
आणि त्या कंबरेवर हात ठेवून संशयानं बघत होत्या.
सामुद्रधुनी ताटात काढून ठेवल्यासारखी.
अंधार पडेपर्यंत गिटार मांडीवर घेऊन बसले,
खिडकीकडे कान लावून.
आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या
त्याची वाट बघत.

शेवटी फ्रिजचा प्लग लावला.
तो खोकला, घुरघुरला, आपल्या सुरावर येऊन बसला.
सोबत पाठवतेय ते ऐक.
तिसरा भाग अजून चुकतोच.
मागे बोलतोय तो फ्रिज.
वारा आला की कळवते.