तिसरी ब, जनकगंज

जुलैत बावीस होती. एकाची बदली भिंडला झाली,
वडिलांची म्हणजे; तो नुसता गेला, डबा विसरून.

पाढे सोळापर्यंत ठरवले, तेरापाशी अडले.
मूग मात्र रुजले खिडकीतल्या ओल्या कापसात,
आणि भूपेंद्र कुशवाहने रोज पट्टीने मोजून
त्यांची उंची भिंतीवर लिहिली,
स्वतःच्या उंचीशेजारी.

किल्ल्यावर नेलं, तेव्हा इतिहास कुणी ऐकला नाही.
वरून आपली शाळा शोधण्यात तास गेला.
सापडली ती बहुधा दुसऱ्याच कुणाची.

जानेवारीत धुकं. हजेरी घेताना
'हजर' आधी दिसायचं, तोंडातल्या वाफेत,
मग ऐकू यायचं.

भूपेंद्रच्या घरी हिंदी. मराठीच्या तासाला
फला म्हणायचा, शाला, बाल.
दिवाळीनंतर मी दुरुस्त करणं सोडलं.

एप्रिलमध्ये निकाल घेऊन दारापर्यंत गेला,
परत आला, ओल्या फडक्याने तारीख पुसली.
"बाई, फळा पुसला," म्हणाला,
ळ जिभेवर जरा जास्तच वळवून,
आणि पळाला.

मूग केव्हाच वाळले.
भिंतीवर आहेत अजून
साडेसात सेंटिमीटर.