गडगा

डॉक्टर म्हणाली, झोपेची गोळी देते,
नाहीतर एखादा छंद लावून घ्या.
गोळ्या तर मी दिवसभर मोजतेच
कीथलीच्या औषधांच्या दुकानात,
पाचपाचच्या ढिगांनी, बोथट सुरीने सरकवत.
म्हणून छंद.

वाचनालयातल्या फळ्यावर तीन चिठ्ठ्या होत्या.
सालसा, मंगळवारी. त्याला जोडीदार लागतो,
आणि श्रीरंग टीव्हीसमोरून उठायचा नाही.
मधमाश्या. मी सुजते.
तिसरी पेन्सिलीने लिहिलेली:
दगडी कुंपण रचायला शिका, शनिवारी,
सिल्सडनच्या वरच्या शेतात. बूट स्वतःचे आणा.

श्रीरंग हसला. दगडापेक्षा वीट मऊ,
विटांचं का नाही शिकत?
त्याच्यासाठी पोहे झाकून ठेवले आणि निघाले.

ग्लेनिस बहात्तरची. गुडघ्याला पट्टा,
खिशात आल्याची बिस्किटं.
चुना नाही, सिमेंट नाही, म्हणाली,
फक्त वजन, आणि पोटात कपच्या.
दोनांवर एक ठेव, एकावर दोन.
आणि एकदा उचललेला दगड खाली टाकायचा नाही,
त्याची जागा शोधायची.

मी उचलला. तो कुठेच बसेना.
पोटाशी धरून उभी राहिले,
कानात वारा, मेंढ्या बघताहेत,
बावन्न वर्षांची बाई
तान्हं घेतल्यासारखी दगड घेऊन.
मग फिरवला, उताणा केला,
आणि खट्.
ते खट् मनगटातून खांद्यापर्यंत आलं.

पहिल्या शनिवारी हातभर रचला.
दुसऱ्या शनिवारी ग्लेनिसने तोच उतरवायला लावला.
सांधे एकाखाली एक आलेत बघ,
पडायची वाट आखून दिलीस त्याला.
रडू आलं. वारा होता, खपून गेलं.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी कपच्या भरताना
तोंडातून शब्द पडला: गडगा.
काय? ग्लेनिसने वर पाहिलं.
यालाच, म्हटलं, आमच्याकडे. कोकणात. जांभ्याचा असतो.
शाळेत जाताना त्यावरून चालायचो,
खाली काजूवाल्याचा कुत्रा.
तीस वर्षांत हा शब्द कुणाला म्हणायची वेळच आली नव्हती.
ऋतालाही ठाऊक नाही. तिच्यापुरतं मराठी म्हणजे
जेवलीस का, पोचल्यावर फोन कर.
गड, गा, ग्लेनिस म्हणाली,
दोन दगड ठेवावेत तसं.

सुधारलं काय, विचाराल, तर फार नाही.
झोप येते, ती शनिवारचीच.
बुधवारी अजून पहाटे तीनला डोळे उघडतात.
मग पडल्या पडल्या ढिगातला एक निवडते,
काळोखात फिरवून बघते.
दुकानात मिसेस हॉल्गेट सुनेचं तेच गाऱ्हाणं सांगतात,
माझं मोजणं चुकतं,
पुन्हा मोजते, आणि तोवर ऐकते.
हाताला घट्टे पडलेत.
श्रीरंगने हात हातात घेतला नि म्हणाला, किसणी झाली की गं!
बऱ्याच दिवसांनी घेतला होता,
म्हणून काढून घेतला नाही.

मार्चमध्ये ग्लेनिसचा फोन. बर्फ वितळलं,
एका मेंढीने कुंपण पाडलंय.
माझंच असणार, गाडीभर हेच.
पडला होता तो शेजारचा, कुण्या पणजोबाने रचलेला.
माझा उभा. जरा पोट सुटलेला,
पण ते कुणाचं सुटत नाही?

श्रीरंग नुसता सोडायला आला होता.
चिखल बघून कुरकुरला, ऑफिसचे बूट म्हणाला,
मग वाकून एक दगड उचलला,
उलटसुलट पाहिला,
आणि ठेवायला खाली वाकला.

अंहं, मी म्हटलं.