कणी

आंदर मावळात, ठकूबाई असवल्यांच्या खाचरात
मी पारदर्शक पेटी उलटी ठेवते.
आत भाताचे चार चूड, कडा पाण्यात बुडलेल्या.
आता घड्याळ.
शून्य. पंधरा. तीस.
दर खेपेला सिरिंजनं थोडी हवा ओढायची,
कुपीत भरायची, कुपीवर तारीख.

"इंजेक्शन देताय व्हय त्याला?"
बांधावरून ठकूबाई.
"देत नाही, काढतेय."
"रगत?"
"हवा."
ती हसते. मग बराच वेळ नाही.
"कशापायी?"

कसं सांगावं.
साचल्या पाण्याखाली, वारा पोचत नाही तिथं,
काही इवले जीव कुजकं खाऊन वायू सोडतात,
तो पोकळ काडीतून वर चढतो
आणि वर जाऊन ऊब धरून बसतो.
बैठकीत हे सांगते तेव्हा पडद्यावर बाण असतात.
इथं बाण नाहीत.
एक खेकडा आहे, माझ्या बुटाशी.

"म्हंजे आमचा भातबी गुन्हेगार?"

डोंगरापलीकडून द्रुतगती मार्गाची घरघर,
ती कधीच थांबत नाही.
अलीकडे रियाझनं जीप चालूच ठेवलीय, एसीसाठी.
मी कुपीचं बूच घट्ट करते.

शिफारस मात्र सांगावी लागते:
पाणी मधूनमधून सोडून द्या, वायू बराच घटतो.
"सोडीन की," ती म्हणते.
"मग पुन्ना खाचर भरून कोण देणार? तुमी?"

पंधरा.

"दाणा भरायच्या दिवसांत रातीला गोधडी लागायची.
आता पंख्याखाली बी डोळा लागत न्हाई."
भातालाही लागत नसणार.
दिवसा कमावलेलं तो रात्रभर धापा टाकत खर्चून टाकतो,
दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग राहतो
आणि गिरणीत दाणा तिथंच तुटतो.
हे मी वाचलेलं. तिनं चाळलेलं.
"मागं पोत्याला चार शेर कणी निघायची.
औंदा घमेलं भरलं."

तिनं घडी घालून ठेवलेली गोधडी
आभाळाला पांघरलीय कुणीतरी,
असं मनात येतं. वहीत लिहीत नाही.

तीस.

शिवाजीनगरच्या प्रयोगशाळेत यंत्र
माझ्या कुपीतून एक टोकदार डोंगर काढतं.
आकडा तक्त्यात जातो.
वरच्या ओळीत मेकाँगच्या मुखाजवळचं शेत,
शेरा: समुद्राचं पाणी शिरलं.
खालच्या ओळीत इटलीतलं,
शेरा: कालवा कोरडा, नमुना नाही.
मधे आम्ही, खाचर क्रमांक सात.
शेऱ्याच्या जागी मी काय लिहू?
कापून पसरलेल्या भातावर दिवाळीनंतर पाऊस पडला
आणि लोंबीतच कोंब आले, एवढं मावत नाही तिथं.
मिलिग्रॅम आहे, चौरस मीटर आहे, तास आहे.
कणीचा रकाना नाही.

तिनं जीपमध्ये सीटखाली पिशवी सरकवली होती,
न विचारता. दोन किलो तरी असेल.
कर्वेनगर, तिसरा मजला, रात्री साडेनऊ,
तरी भिंती तापलेल्या.
पातेल्यात कणी, मीठ, जास्तीचं पाणी.
वास येतो. पूर्वीइतका नाही म्हणे;
मला पूर्वीचा माहीत नाही.

झाकण थडथडतं, कडेनं वाफ निसटते,
आणि माझा हात
सवयीनं घड्याळाकडे वळतो.
शून्य.